बाल्कनीपुरता मालक

मी एरवी शुद्ध बोलते. आटपाडीच्या शाळेत बाईंनी पट्टीनं शिकवलंय. पण डोकं फिरलं की आटपाडी तोंडात येते, आणि आमच्या सोसायटीच्या मीटिंगला ती अशी काही आली की खालच्या मजल्यावरचं कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबलं.

त्याचं असं झालं. कुपवाडला आमचा वन बीएचके आहे, तिसऱ्या मजल्यावर. राहायला येऊन वर्ष होत आलेलं. टाकीचा घोळ होता, वरच्यांच्या नळाला पाणी आणि आमच्या नळाला नुसती हवा. त्याची मीटिंग गच्चीवर ठेवलेली. माझा नवरा मल्हार सांगलीला हळदीच्या बाजारात एका अडत्याकडे दिवाणजी आहे. सौदे चालू होते, त्याला यायला जमणार नव्हतं. म्हणून मी कंपनीतून आले ती तशीच गच्चीवर गेले.

टाकीवर बोलायला उठले, तर सेक्रेटरी धैर्यशील सर म्हणतात, "माया वहिनी, तुम्ही बसा. मालकांना पाठवून द्या."

"कुठल्या मालकांना?"

"मल्हाररावांना. इथं बोलायचं तर घरावर नाव पाहिजे. तुमचं नाहीये."

"न्हाई म्हंजी? दर म्हैन्याला हप्ता काय तुमच्या खात्यातनं कापतोय व्हय?"

"हप्त्याचं बँकेला माहीत, वहिनी. आमच्याकडे मालकांची नावं असतात."

कुत्रं गप्प झालं ते यानंतर. मी काय काय बोलले ते इथं सांगत नाही. वरच्या मजल्यावरची समीना, माझी मैत्रीण, तोंडाला ओढणी लावून हसत होती. शेवटी तिनंच मला दंडाला धरून खाली आणलं.

आता कर्जाचं सांगते, म्हणजे मी उगाच भांडकुदळ वाटायला नको. मल्हारचा अर्धा पगार रोख हातात मिळतो, तो बँकेला दिसत नाही. घर घ्यायचं ठरलं तेव्हा बँकेनं स्वच्छ सांगितलं, एवढ्या पगारावर कर्ज बसत नाही, बायको नोकरीला आहे का? बायको होती. कुपवाडच्या एका कारखान्यात तयार झालेले जॉब, म्हणजे यंत्रांचे सुटे भाग, तपासते मी. माप बरोबर असलं की पेंटच्या मार्करनं पिवळा ठिपका, नसलं की लाल फुली. तर माझ्या पगारावर कर्ज झालं, सह्या करून करून माझा अंगठा दुखायला लागला, आणि हप्ता माझ्याच खात्यातून कापायचा ठरला. पण खरेदीखताच्या दिवशी कंपनीत बाहेरचे साहेब तपासणीला आलेले. मल्हार म्हणाला, "रजा टाकू नको. तू कशाला हेलपाटा मारतीस? मी उरकून येतो." ते त्यानं छान उरकलं.

मीटिंगच्या संध्याकाळी तो घरी आला तशी मी ताट वाढलं आणि ताटासमोरच विषय काढला. त्याला मी तोंडावर 'अहो' म्हणते, माघारी मल्हार, आणि चिडले की 'आवं'.

"आवं, घरावर माझं नाव का न्हाई?"

"अगं, नावात काय हाय? घर आपलंच की."

"आपलं म्हंजी कुणाचं?"

"माझं. म्हणजे आपलंच."

"मग माझ्या नावावर करा. तरी आपलंच ऱ्हातंय."

तो हसला. त्याचं हसणं एरवी मला आवडतं, त्या दिवशी भाकरी फेकून मारावीशी वाटली. "एका कळपात दोन एडके सोडत न्हाईत माया," तो म्हणाला, "डोकी फुटतात. मालक एकच बरा."

आम्ही दोघंही मेंढरांच्या घरातले. त्याला वाटलं, मेंढरातलं उदाहरण दिलं की मी गप्प बसेन. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर मला एडका म्हणतो!

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून पिवळा मार्कर आणला. स्वतःच्या पैशानं हं, कंपनीचा नाही. हिशेब सरळ होता. हप्त्यातले तीन हिस्से माझ्या पगाराचे, एक हिस्सा तो रोख आणून माझ्या हातात ठेवतो. मग घराचेही तीन हिस्से माझे. स्वयंपाकघराच्या चौकटीवर ठिपका लावला. बाथरूमला लावला, बेडरूमला लावला, हॉलमध्ये टीव्हीच्या भिंतीला आणि पंख्याच्या बटणाला लावला. बाहेरच्या दाराची कडी माझी. मल्हारसाठी मी बाल्कनी ठेवली, आणि माणुसकी म्हणून सोफ्याचं एक टोक.

तो आला, बूट काढता काढता थांबला. "ह्ये पिवळं पिवळं काय?"

"खूण. जिथं ठिपका हाय ते माझं. तुमचं बाल्कनीत."

आधी त्याला गंमत वाटली. सकाळी आंघोळीला निघाला तेव्हा मी बाथरूमच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "मालकिणीला इचारल्याबिगर आत जायचं न्हाई."

"इचारू? माझ्या घरात?"

"तुमच्या घरात तर नळच न्हाई."

विचारलं असतं तर मी सोडलं असतं, देवाशपथ. पण विचारेल तर तो मल्हार कसला! टॉवेल खांद्यावर टाकून गेला तो तसाच बाजारात, आणि अडत्याच्या गोदामामागच्या नळावर आंघोळ केली. तिथं दिवसभर हळदीची पोती झटकतात. संध्याकाळी घरी आला तो माझ्या ठिपक्यांहून पिवळा होऊन.

मी हसून हसून बेजार झाले, पण फार टिकलं नाही. कपडे वाळत घालायची दोरी बाल्कनीत आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझे ओले कपडे घडी घालून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवलेले. वर मल्हार खुर्ची टाकून बाल्कनीत बसलेला, पायावर पाय टाकून. "परवानगी काढल्याबिगर माझ्या हद्दीत चड्डीसुद्धा वाळणार न्हाई," म्हणतो. मी ओला युनिफॉर्म घालून कंपनीत गेले आणि दिवसभर शिंकत जॉब तपासले.

तेव्हापासून माझे कपडे समीनाच्या बाल्कनीत वाळायला लागले. तिचा फ्लॅट तिच्या नावावर आहे. मी विचारलं, "तू कसं गं जमवलंस?"

"आमच्यात लग्नात नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम ठरते, महर. तो फारूकनं कधी दिलाच नव्हता," ती म्हणाली. "फ्लॅट घेताना मी म्हटलं, अल्लाच्या दारी माझा देणेकरी म्हणून उभा राहणार का इथं नाव लावणार? दुसऱ्या दिवशी लावलं. तुमच्यात असं काही नसतं का गं?"

आमच्यात असं काही नसतं, असं मी तेव्हा म्हटलं.

शेवटी एका रविवारी मल्हार म्हणाला, "बास झालं. आईला बोलावतो. ती सांगंल ते दोघांनी ऐकायचं. ती म्हणाली पूस, तर पुसायचं, आणि पुन्हा नावाचा विषय काढायचा न्हाई. कबूल?"

मी तावातावात कबूल म्हणाले आणि मग कोण येणार ते ध्यानात आलं. मल्हारची आई धोंडुबाई, म्हणजे माझ्या आत्या. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आटपाडीजवळच्या गावात अजून मेंढरं राखतात त्या. लग्नाला सहा वर्षं झाली, माझ्या हातच्या जेवणाला त्यांनी कधी बरं म्हटलं नाही. वाईटही म्हटलं नाही, नुसतं खातात. मल्हार त्यांचा एकुलता एक लेक, त्यांच्या जिवाचा तुकडा. त्या मला म्हणणार पूस, हे मी धरूनच चालले होते. म्हणजे मरेपर्यंत हप्ता माझा, बँकेचा फोन मला, आणि मीटिंगमध्ये 'वहिनी, बसा'. रडू आलं मला, खरंच. रडत रडत मी सगळे ठिपके पुन्हा एकदा गडद करून ठेवले. पुसायला लागले तरी निघायला त्रास झाला पाहिजे, म्हणून.

आत्या एसटीनं आल्या. काठी, घोंगडं आणि कमरेला पिशवी. पाणीसुद्धा न पिता घरभर फिरल्या. प्रत्येक ठिपक्यावर बोट टेकवून बघितलं.

"ह्यो कुणाचा?"

"माझा, आत्या."

"आन् ह्यो?"

"त्योबी माझाच."

"मल्ह्याचं काय हाय मंग?"

"बाल्कनी."

त्यांनी बाल्कनीत डोकं घालून बघितलं आणि हॉलमध्ये येऊन भुईवर बसल्या. मी चहा दिला. बशीत ओतून त्या फुंकर मारत होत्या आणि मल्हार गाऱ्हाणं सांगत होता. आंघोळ, नळ, पंख्याचं बटण, सगळं. "आई, माझ्याच घरात मला पंखा लावायची चोरी! तूच सांग आता हिला."

आत्यांनी बशी संपवली. "मल्ह्या, माझ्या आंदणाची मेंढी ध्यानात हाय का तुझ्या?"

आंदण म्हणजे लेकीला लग्नात माहेरून दिलेलं. ती मेंढी मल्हारला आठवणारच, तिच्यावरच खेळला तो लहानपणी. "व्हय, हाय की."

"तिची खूण काय?"

"डाव्या कानावर गेरू."

"तिच्या कोकरांस्नी?"

"त्यांस्नीबी गेरूच. त्यांच्या पिलांस्नीबी."

"चारायला कोण न्यायचं? रातच्याला वाघरात कोण कोंडायचं? लोकर कोण कातरायचं?"

"आबाच की सगळं."

"मंग ती तुझ्या बापाची का न्हाई झाली?"

मल्हारनं मान खाजवली. "कशी हुतील? मेंढी तुझ्या माहेरची. कळप एक आसला तरी खूण ज्याची त्याची."

"हां," आत्या म्हणाल्या. "मला वाटलं, हळदीच्या बाजारात जाऊन इसारला."

माझ्या जिवात जीव आला. उडी मारावीशी वाटली, पण आत्यांचं तोंड माझ्याकडं वळलं होतं.

"तू खुदूखुदू हसू नगंस. खूण कवा करायची आसती गं? मेंढरू कळपात सोडायच्या आदी का मागनं?"

"आधी," मी पुटपुटले.

"मंग? वरीसभर कळपात चरल्यावर आता रंग घिऊन हिंडतीस. कंपनीत तपासणी करतीस म्हणं. अशीच करतीस व्हय?"

आत्या बोलल्या त्यात खोटं काय होतं? दिवसभर लोकांचे जॉब मोजते, आणि स्वतःचा न बघताच पुढं ढकलला होता.

मल्हार हसायला लागला. त्यानं हसायला नको होतं.

"आन् तू रं, मल्ह्या," आत्या म्हणाल्या, "घर घेताना बँकंच्या आदी रोख भरलीस ती कुठली?"

"मेंढरं इकली की आपली. तूच म्हणालीस, घिऊन जा."

"मी म्हणाले, घर बांधतुयास तर घिऊन जा. कुठल्या खुणंची नेलीस?"

मल्हारचं हसू तिथंच वाळलं. सोफ्याच्या त्याच्या टोकावर तो जरा आखडून बसला. "गेरूची," तो म्हणाला. "जास्त करून गेरूचीच. पण आई, तू काय परकी हाईस का? तुझं ते माझंच की."

ते वाक्य ऐकलं आणि मी आत्यांकडं बघितलं, आत्यांनी माझ्याकडं. मला वाटत होतं, असं ऐकून घेणारी या घरात मी एकटीच आहे.

आत्यांनी कमरेची पिशवी सोडली. आतून गेरूचा खडा काढला, बशीत उरलेल्या चहात बुडवला आणि काठी टेकत बाल्कनीत गेल्या. कठड्याखालच्या पांढऱ्या भिंतीवर तळहाताएवढा लालभडक पट्टा ओढला. "ही माझी," म्हणाल्या.

"आई! मग मला काय राहिलं?"

आत्यांनी हॉलभर नजर फिरवली. खरंच शोधल्यासारखं केलं त्यांनी. मग उघड्या दाराकडं काठी करून म्हणाल्या, "जिना हाय की."

मल्हार रागारागानं उठला आणि खरंच जाऊन जिन्यात बसला. पाच मिनिटांत समीना भाजीच्या पिशव्या घेऊन वर आली. आम्हाला आतून ऐकू येत होतं. "मल्हारभाऊ, जरा सरका हो. जिना सोसायटीचा आहे, इथं बसायला मनाई आहे."

आत्या आणि मी, सहा वर्षांत पहिल्यांदा, एकमेकींकडं बघून हसलो. इतकं हसलो की आत्यांना ठसका लागला आणि मला त्यांची पाठ चोळावी लागली.

थोड्या वेळानं मल्हार आत आला. कडीला हात लावला, माझा ठिपका बघितला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. "मालकीणबाई, आत येऊ का?" म्हणाला. आवाज बारीक होता, पण चेष्टेचा नव्हता. "सांगा, कुठं सही करायची ती." मला त्याची कीवच आली. मी म्हटलं, "या. आधी आंघोळ करा."

नवऱ्याला बायकोच्या नावावर हिस्सा बक्षीसपत्रानं करता येतो, खर्चही फार नाही, असं वकील म्हणाले. पण घर बँकेकडं गहाण, म्हणून आधी बँकेची परवानगी. मल्हार म्हणाला, "आईचंबी नाव घालू. एकदाच काय ते हुंदे." त्याला आतून लागलं होतं. माझ्या मनात क्षणभर आलं, म्हणजे माझा हिस्सा कमी होणार. लाज वाटली, पण आलं खरं. गेरूचा तो पट्टा डोळ्यापुढं आणला आणि मीही म्हटलं, घालू.

आम्ही तिघंही सांगलीला बँकेत गेलो. कर्जाच्या टेबलावर साक्षी मॅडम होत्या, माझ्यापेक्षा लहानच असतील. गळ्यात नवं मंगळसूत्र, बोलायला गोड. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. माझं सोपं होतं, मी कर्जात होतेच. "पण आजींचं नाव घरावर लावायचं तर आजींना कर्जातही यावं लागेल. मालक जो असेल त्याची कर्जावर सही लागतेच. आणि आजींच्या वयाला ते अवघड आहे."

आत्या काठीवर हनुवटी ठेवून ऐकत होत्या. "बाई, येक इचारू? घराचा मालक, पर कर्जात सही न्हाई, आसं चालतंय का?"

"नाही चालत, आजी."

"आन् कर्जात सही, पर घराची मालकीण न्हाई, आसं?"

साक्षी मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "तसं चालतं."

"म्हंजी चारायची सक्ती, आन् लोकर मिळंल का न्हाई ते दादल्याच्या मर्जीवर. कुणी केला गं ह्यो कायदा? कुण्या दादल्यानंच केला आसंल."

पलीकडच्या टेबलावरचे साहेब खोकले. मल्हार छताकडं बघायला लागला. साक्षी मॅडमनी आमचे कागद उगाच सरळ केले, एकदा नाही, दोनदा. मग मान खाली ठेवूनच हळू म्हणाल्या, "आजी, माझीपण आहे सही. विश्रामबागच्या फ्लॅटला. अहोंचा आहे फ्लॅट. म्हणजे... आमचाच आहे."

आत्यांनी फक्त माझ्याकडं बघितलं. मी पर्स उघडली, पिवळा मार्कर काढला आणि त्यांच्या कागदांवर ठेवला.

"हे कशाला?" त्यांनी विचारलं.

आत्याच बोलल्या. "हिला इचार. सुरवात बाथरूमपास्नं करायची."

मी मॅडमना ठिपक्यांचं सगळं सांगितलं, बाल्कनी नवऱ्याला सोडली तेसुद्धा. आत्यांनी स्वतःचं नाव लावू दिलं नाही. "ह्या वयात मला हप्ते नगंत. माझी खूण बाल्कनीला हाय. पावसानं गेली तर गेरू लावायचा, आन् तो मल्ह्यानं न्हाई, तू लावायचा." मी शब्द दिला. गेल्या दिवाळीला लावला, ह्या दिवाळीलाही लावीन. मल्हार मात्र आता आईला फोन करून विचारल्याशिवाय तिथं खुर्ची टाकत नाही.

माझं नाव लागलं. पुढच्या मीटिंगला मी टाकीवर इतका वेळ बोलले की धैर्यशील सरच म्हणाले, "मालकीणबाई, आता आम्हाला बसू द्या." पाणी येतं आता.

नोंदणी झालेल्या कागदाची प्रत द्यायला मी महिन्याभरानं बँकेत गेले. साक्षी मॅडमनी कागद घेतला, शिक्का मारला, हसल्या. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला पिवळा डाग होता. पेंटच्या मार्करचा डाग साबणानं जात नाही, आठवडा लागतो. मी काही विचारलं नाही. त्यांनीच टेबलावर जरा पुढं वाकून मला विचारलं, "माया ताई, दोरी बाल्कनीत असेल तर काय करायचं हो?"